काजू कारखान्यातल्या तीन मुली आणि तुमची पटकथा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतचा कथासारांश तीनदा. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीच्या, वय 26, पहिल्यांदाच पूर्ण लांबीची पटकथा लिहिताय. तीन मैत्रिणी आहेत, तिघीही काजूच्या कारखान्यात कामाला. एकीचं लग्न ठरलंय, पण मन पुढे-मागे होतंय. दुसरी मोठ्या घरच्या मुलाच्या प्रेमात पडलीय. तिसरी काम करता करता बी.ए. करतेय आणि तिला पुण्याला जायचंय. सिनेमा हलकाफुलका हवा, हसता हसता डोळ्यांत पाणी यावं, अशी तुमची इच्छा. ज्यांना वाचायला दिलंत ते म्हणाले, ‘ही तर मालिका झाली.’ म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: विनोद आणायचा कुठून, श्रीमंत मुलाचं काय करायचं, आणि शेवट लग्नाने करावा का.

मी फोंड्याला राहते. जत्रेतल्या नाटकांची पुस्तकं दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली, आणि आता 22 वर्षं पटकथा लिहितेय, दुसऱ्यांच्या तपासतेय. त्या अनुभवावरून सांगते: या तिन्ही प्रश्नांच्या खाली एकच अडचण आहे आणि ती विनोदाची नाही.

तुमच्या साडेतीन पानांत ‘कारखाना’ हा शब्द चार वेळा येतो, आणि चारही वेळा मुली तिथून बाहेर पडत असतात. ‘कारखान्यातून सुटल्यावर’, ‘कारखान्याच्या फाटकाशी’, असं. मग त्या भेटतात कुठे? मयेच्या तळ्यावर, हणजूणच्या किनाऱ्यावर, देवळाच्या पायरीवर, मोपाच्या नव्या रस्त्याने स्कूटरवरून जाताना. या मुली दिवसाचे आठ-नऊ तास जिथे घालवतात ती जागा तुमच्या सिनेमातून गळून गेलीय. एकदा ती गेली की या तिघी कुठल्याही कॉलेजातल्या तीन मुली होतात. त्यांच्याकडे वेळच वेळ आहे. रुसायला वेळ, मनवायला वेळ, समुद्राकडे बघत बसायला वेळ. म्हणूनच हसवण्यासाठी तुम्हाला तो तोतरा बोलणारा मामा आणावा लागला आणि ताण आणण्यासाठी मुलाची कजाग आई. दोघेही मालिकेतले. वाचणाऱ्यांना तेच जाणवलं.

कामावर जाणाऱ्या मुलीला प्रेम करायचं तर ते कुठल्या तरी वेळेतून काढावं लागतं. जेवणाच्या सुट्टीतून, शेवटच्या कदंब बसच्या आधीच्या पंधरा मिनिटांतून, ‘ओव्हरटाइम होता’ असं घरी सांगून. त्या मिनिटांची किंमत पैशांत मोजता येते आणि ती तिला नेमकी ठाऊक असते. विनोद तिथेच आहे आणि ताणही तिथेच. दोन्ही एकाच विहिरीचं पाणी.

आता, हे कसं रंगेल ते काम कुठलं यावर अवलंबून आहे. तुमच्या मुली वेर्ण्याच्या औषध कारखान्यात असत्या तर वेगळं सांगितलं असतं, कळंगुटच्या हॉटेलात खोल्या लावणाऱ्या असत्या तर आणखी वेगळं. काजू निवडलात हे उत्तम केलंत, कारण ते काम डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं, आणि पुष्कळ ठिकाणी मजुरी किलोवर असते. तुमचा कारखाना नव्या धर्तीचा असेल, कापणीलाही यंत्र असेल, पगार महिन्याचा असेल, तर पुढचं थोडं बदलावं लागेल. पण निवड तुमच्या हातात असेल तर जुना, हाताने चालणारा घ्या.

त्यात काय काय होतं ते पटकथेच्या नजरेने बघा. काजूबी आधी वाफवतात. मग कटरवर बसून एकेक बी कापायची. पायाने दांडा दाबायचा, हाताने बी धरायची, पात्यांच्या मधोमध. काही ठिकाणी कटरवर दोघी समोरासमोर बसतात: एक कापते, दुसरी गर सोडवते. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बोटांना तेल, राख लावून बसायचं. पुढे गर भट्टीत सुकवायचा, मग वरचा तांबूस पापुद्रा सोलायचा, आणि शेवटी निवड. अख्खे वेगळे, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. अख्ख्यांतही प्रती. डब्ल्यू-180 म्हणजे एका पौंडात 180 पर्यंत भरणारे टपोरे गर, डब्ल्यू-320 म्हणजे त्याच वजनात 320 पर्यंत बसणारे लहान. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. सराईत बाईला हे वजन न करता, नुसतं बघून कळतं.

यात तुमच्या तीन मुली बसवून बघा. लग्न ठरलेली आणि प्रेमात पडलेली अशा दोघी एकाच कटरवर समोरासमोर. पाच वर्षं एकत्र बसून हात इतके जुळलेत की बोलता बोलता कापणी चालते. मग त्यांचं भांडण होतं. मालिकेत दोघी एकमेकींकडे पाठ करून रडल्या असत्या. इथे ते शक्यच नाही. सकाळी आठ वाजता परत त्याच कटरवर समोरासमोर बसायचंय, एकमेकींच्या बोटांवर विसंबायचंय, आणि अबोला धरला तर गर तुटतात. तुटला की अख्ख्याचा तुकडा झाला. संध्याकाळी वजन करणारा माणूस विचारतो, ‘आज दोघींचं काय बिनसलं?’ त्यांच्या भांडणाची बातमी काट्यावर कळते. हा प्रसंग मी तुमच्यासाठी आत्ता रचला. मामाची गरज पडली नाही.

तिसरी, शिकणारी, तिला निवडीच्या टेबलावर बसवा. तिथे शांतता असते, डोळा लागतो, आणि वरच्या बाईची नजर असते. ती पुटपुटत अभ्यास करते आणि निवडही करते. दोन्ही जमतं असं तिला वाटतं, पण जमत नाही.

मी हे सगळं इतकं ठासून का सांगतेय, त्याला कारण आहे. माझ्या सुरुवातीच्या एका पटकथेत औषध कारखान्यातल्या पॅकिंग विभागाचा प्रसंग होता. मी आत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. नायिका केसांत मोगऱ्याचा गजरा माळून यंत्रापाशी उभी, पलीकडून सुपरवायझर बघतोय, नजरानजर, असं लिहिलं होतं. वाचनाला एक मुलगी आली होती, छोटी भूमिका करायला. अशाच एका कारखान्यात तीन वर्षं काढलेली. वाचन संपल्यावर ती हळूच म्हणाली, ‘ताई, आत टोपी असते, मास्क असतो, अंगभर झगा असतो. गजरा सोडा, टिकलीसुद्धा काढावी लागते. आमच्या कपडे बदलायच्या खोलीत आरशावर सगळ्यांच्या टिकल्यांची ओळ असायची. सुटताना जिची तिने काढून लावायची.’

मी तो प्रसंग त्याच रात्री फाडला. नवा लिहिला तो आरशावरच्या टिकल्यांचा. एक दिवस एक टिकली आरशावरच राहते, कारण जिची आहे ती दुपारीच घरी पाठवली गेलीय. त्या चित्रपटातलं लोकांना जे आठवतं ते एवढंच. माझ्या कल्पनेत ते कधीच आलं नसतं. तेव्हापासून मी कुठलीही पात्रं घेतली की आधी त्यांच्याबद्दल तीन गोष्टी लिहून काढते: पैसे हातात कधी येतात आणि कुणाच्या हातात जातात, घरी पोचायला वाहन कुठलं आणि शेवटचं किती वाजता, आणि कामावर असताना मोबाइल कुठे असतो. प्रेमकथेला हे तीन धागे पुरतात. पगार आईच्या हातात देणारी मुलगी आणि स्वतःच्या खात्यात ठेवणारी मुलगी एकाच मुलाच्या प्रेमात पडल्या तरी त्यांच्या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

तुम्ही सारांशाखाली लिहिलंय की तुमच्यासमोर ‘मिस्टिक पिझ्झा’ हा 1988 चा अमेरिकन सिनेमा आदर्श म्हणून आहे. आवडीची गोष्ट काढलीत. डोनाल्ड पेट्रीचा तो दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, आणि ज्युलिया रॉबर्ट्स तेव्हा तारका व्हायची होती. कनेटिकट राज्यातलं मिस्टिक नावाचं समुद्राकाठचं गाव, तिथलं पिझ्झाचं दुकान, आणि त्यात काम करणाऱ्या तीन पोरी: कॅट आणि डेझी या बहिणी आणि त्यांची मैत्रीण जोजो. गोंयकाराला त्यात चटकन डोळ्यांत भरतं ते आडनाव. बहिणी अराउजो, मैत्रीण बार्बोझा. पोर्तुगालहून तिकडे गेलेल्या मच्छीमारांच्या वस्तीतल्या मुली. आपल्याकडे 1961 पर्यंत ज्यांचं राज्य होतं त्यांच्याच देशातून गेलेले लोक तिकडे गरीब कोळी, आणि गावातले बंगलेवाले त्यांच्याकडे नाक वर करून बघणारे. आपल्याकडे एखाद्या गावात हेच आडनाव भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं असेल, वाड्याच्या फाटकावर कोरलेलं. म्हणजे आडनाव तेच, पण एका किनाऱ्यावर ते खाली आहे, दुसऱ्यावर वर. म्हणून त्या सिनेमातली उच्च-नीच तुम्ही जशीच्या तशी उचलू नका. वर्ग दिसतो तो त्या त्या गावच्या खुणांत. तुमच्या मसुद्यातल्या मुलाकडे लाल स्पोर्ट्स कार आहे. ती तिथून आलीय. डिचोलीत श्रीमंती अशी दिसत नाही.

घेण्यासारखं मात्र त्या सिनेमात पुष्कळ आहे. एक, दुकानाला स्वतःची उत्कंठा आहे. टीव्हीवरचा एक बडा खाद्यसमीक्षक येऊन चव घेऊन जातो आणि तो काय म्हणणार याची सगळ्यांना धास्ती. त्यामुळे तीन प्रेमकथा तीन दिशांना पांगत नाहीत. तिघींना एकच गोष्ट टांगणीला लावते आणि ती कामातली आहे. तुमच्या कारखान्याला असं काय आहे? परदेशी मागणीची मोठी खेप चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी रवाना करायची असेल, तर ते पुरेल. कच्चा काजू आफ्रिकेतूनही येतो, त्यामुळे आपला हंगाम मे महिन्यात संपला तरी पावसातही काम चालतं. खेप गेली तर बोनस, बोनस आला तर चवथ, आणि चवथीला घरी काय जाणार ते त्यावर. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची की उसनवारी करायची, इतकं साधं.

दुसरं, तो चित्रपट मोडलेल्या लग्नाने उघडतो. जोजो बोहल्यावर, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, वचन द्यायच्या वेळी चक्कर येऊन पडते. नवरा मुलगा वाईट नाही. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, ते ती लपवतही नाही. तिला भीती आहे ती ‘कायमचं’ या शब्दाची. तुमच्या लग्न ठरलेल्या मुलीकडे मी नंतर येते.

तिसरं म्हणजे श्रीमंत मुलाच्या घरचं जेवण. तिथे डेझीला टोमणे बसतात, आणि तो मुलगा तिची बाजू घेतो, इतकी जोरात की टेबलावरचं कापडच खेचतो, सगळं खाली. तुम्हाला वाटेल, किती शूर! डेझीला तसं वाटत नाही. तिच्या लक्षात येतं की हे भांडण त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं आहे, आपल्याला फक्त मध्ये वापरलंय. पस्तीसहून जास्त वर्षांनंतरही हा प्रसंग जिवंत राहिलाय तो या समजेमुळे.

तर, तुमचा श्रीमंत मुलगा. मसुद्यात तो पहिल्या भागात देव आणि शेवटच्या भागात हलकट आहे. मधे काहीच नाही. त्याला चांगलाच ठेवा. खरोखर चांगला, हसरा, तिच्यावर जीव असलेला. त्याला फक्त एक गोष्ट दिसत नाही, आणि ती का दिसत नाही ते प्रेक्षकाला समजलं पाहिजे.

आपल्याकडे श्रीमंती जमिनीतून येते. तुम्ही डिचोलीच्या, तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्या शेजारच्या मये गावात जमिनी स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेल्या आणि राहत्या घराची मालकी मिळवायला लोकांच्या पिढ्या झिजल्या. इतर गावांत भाटकार आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार. मुंडकार कायदा 1975 चा. बाहेर काढता येत नाही हे खरं, पण कागद आणि मन या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीचं घर त्या मुलाच्या आजोबांच्या भाटात आहे असं करून बघा. त्याला ते ठाऊकसुद्धा नाही. तो मुंबईला शिकला, सुट्टीला येतो, त्याच्या लेखी ते माडांचं बन आहे. तिच्या लेखी पावसाआधी छपराची दुरुस्ती करायची तर त्या घरातून हरकत येईल का, हा दरवर्षीचा प्रश्न आहे. मात्र मामलेदाराचं ऑफिस, तारखा, वकील यांत शिरू नका. त्याचा वेगळा सिनेमा होईल. एक निळी ताडपत्री दाखवा छपरावर. मुलगा म्हणतो, ‘तुमचं घर लांबूनच ओळखू येतं, तो निळा रंग छान दिसतो.’ बस्स.

आणि तुमचा जेवणाचा प्रसंग मी असा लिहीन. ती पहिल्यांदा त्याच्या घरी जाते. बोटांवर कापणीचे काळे डाग आहेत. तुमच्या मसुद्यात ती हात पदराखाली लपवते. ते पहिलं सुचणारं आहे, आणि त्यात ती लाजते. तिला लाजवू नका. समोर चांदीच्या वाटीत काजू येतो. ती एक उचलते, बघते आणि तोंडून निघून जातं, ‘हे एकशेऐंशी नव्हे.’ सगळे गप्प. आजी विचारते, काय नव्हे? आजी गेली कित्येक वर्षं एकाच दुकानातून राजा काजू म्हणून भाव मोजतेय. मुलगी वाटी टेबलावर ओतते, आणि ज्या वेगाने आम्ही पत्ते वाटतो त्या वेगाने तीन ढीग करते: एकशेऐंशी, दोनशेचाळीस, तीनशेवीस. आजी खूश, दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायला लागते. मुलाची छाती फुगते. प्रेक्षक हसतोय. त्या क्षणी मुलाची आई मायेने, अगदी मनापासून म्हणते, ‘किती हुशार आहे! दर शनिवारी येत जा गो, आमचा काजू निवडून द्यायला.’ आणि मुलगा हसतो. आईबरोबर, सहज, काही न कळून.

मुलगी एक क्षण थांबते आणि विचारते, ‘किलोला किती देणार?’

इथे कुणी दुष्ट नाही. कापड खेचलं गेलं नाही, रडारड नाही. पण त्या घरात तिची जागा ठरली, आणि तिने ती नाकारली, तीही आपल्या धंद्याच्या भाषेत. तुम्ही विचारलं होतंत, विनोद कुठून आणू. या मुलींना जे येतं त्यातून आणा. ज्याच्या हातात कसब आहे तो माणूस पडद्यावर हसवतो आणि त्याचा मान जात नाही. तोतरेपणावर हसणारा प्रेक्षक घरी जाताना काही घेऊन जात नाही.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमचे संवाद सगळे एका छापाचे, पुण्याच्या मराठीत आहेत. भीती समजते: चित्रपट मराठी आहे, तो कोल्हापुरातही कळला पाहिजे. पण आपल्याकडच्या घरात पेपर मराठी, भजन मराठी, लग्नपत्रिका मराठी आणि भांडण कोकणीत, हे तुम्हीही पाहिलंय. तीच तुमची श्रीमंती आहे. तिघींपैकी एक दोडामार्गहून रोज सीमा ओलांडून येणारी करा. सिंधुदुर्गातून गोव्यात कामाला येणारी किती मुलं-मुली आहेत हे सकाळी रस्त्यावर उभं राहिलं तरी कळतं. ती ‘माका नको’ म्हणणार, डिचोलीची ‘म्हाका नाका’ म्हणणार, आणि पाच वर्षांनंतरही एकमेकींची नक्कल करणार. सुपरवायझर हिंदीतून ओरडणार. मुलाच्या घरी गेल्यावर मुलगी शाळेतल्या पाठांतरासारखं शुद्ध मराठी बोलायला लागते, आणि ‘किलोला किती’ विचारताना परत स्वतःच्या भाषेवर येते. प्रेक्षकाला शब्द नाही कळला तरी वळण कळतं. प्रमाण किती ठेवायचं ते निर्माता आणि तुमचे नट यांवर ठरेल. नटाच्या जिभेला येत नसेल तर जबरदस्ती करू नका, खोटी बोली ही प्रमाण भाषेपेक्षा वाईट.

शिकणाऱ्या मुलीबद्दल थोडंच सांगते, कारण ती तुम्हाला तिघींत सगळ्यांत चांगली जमलीय. फक्त तिला उगाच जोडीदार देऊ नका. तुमचा तो ग्रंथालयातला मुलगा ‘प्रत्येकीला एक’ या हिशोबाने आलाय, ते दिसतं. तिचं प्रेम पुण्यावर आहे, न पाहिलेल्या शहरावर. परीक्षेचा एक पेपर आणि खेपेचा शेवटचा दिवस एकाच तारखेला आणा, आणि तिची निवडीची जागा त्या दिवशी कोण भरून काढतं ते बघा. दोघी कटरवाल्या, ज्यांचा अबोला आहे, त्या. त्यांना निवड येत नाही. तिथे हसूही आहे आणि समेटही.

आता लग्न ठरलेली. तुम्ही लिहिलंय, ‘तिला स्वातंत्र्य हवंय.’ हे वाक्य मी शंभर मसुद्यांत वाचलंय आणि एकाही पात्राला ते बोलताना ऐकलेलं नाही. तिला नेमकं काय सुटणार आहे? मुलगा पेडण्याचा, भला. तो म्हणतो, ‘लग्नानंतर काम सोडलंस तरी चालेल.’ त्याला वाटतं, आपण तिला सुख देतोय. त्याच्या आईला कष्ट करताना त्याने पाहिलंय, म्हणून तो हे प्रेमाने म्हणतो. तिला मात्र ऐकू येतं की कटरवरची जागा जाणार, समोर बसणारी मैत्रीण जाणार, आणि आठवड्याचे स्वतः मोजून घेतलेले पैसे जाणार. ती त्याला हे सांगू शकत नाही, कारण तो इतका चांगला आहे. रायबंदर-चोडण फेरीबोटीवर त्यांना बसवा. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, पाण्यावरची काही मिनिटं, आणि उतरून पळता येत नाही. तिथे तिला सांगायला लावा. पहिल्यांदा जमत नाही, फेरीबोट धक्क्याला लागते. दुसऱ्यांदा परत त्याच फेरीबोटीने उलट जातात. तिसऱ्यांदा फेरीबोटवाला ओळखीचं हसतो.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: मामा काढा, स्पोर्ट्स कार काढा, ग्रंथालयातला मुलगा काढा, आणि त्या रिकाम्या झालेल्या पानांत कारखाना भरा. कटर, काटा, निवडीचं टेबल, खेप, बोनस.

राहिला शेवट. लग्नाने करायचा की नाही हे तुमच्या मुलीला पेडण्याच्या मुलाकडून काय उत्तर मिळतं यावर आहे, आणि ते तुम्ही लिहून बघितल्याशिवाय ठरणार नाही. ‘मिस्टिक पिझ्झा’ जोजोच्या लग्नानेच संपतो, पण शेवटी पडद्यावर राहतात त्या तीन मैत्रिणी, समुद्राकडे बघत. नवरा-नवरी राहत नाहीत. मला तुमच्यासाठी आणखी एक वाट दिसते. गोष्ट शिगम्याला सुरू करा आणि व्हडल्या दिवाळीला, तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी थांबवा. मुहूर्त त्यानंतर सुरू होतात, म्हणजे तिचं लग्न अजून पुढे आहे. अंगणात तुळशीला ऊस बांधलाय, चिंचा-आवळे आहेत, अंतरपाट धरलाय, आणि या तिघी अक्षता घेऊन उभ्या. प्रेक्षकाला लग्न बघायला मिळतं, पण ते तिचं नाही. तिने काय ठरवलं ते मंगलाष्टकं चालू असताना तिच्या चेहऱ्यावर सोडा. त्यानंतर एकच दृश्य, दुसऱ्या दिवशी सकाळी आठचं: कटरवरच्या दोन जागा. एक भरलेली की दोन्ही, हे तुम्ही ठरवा.

शेवटची गोष्ट. तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुमच्या आईने 14 वर्षं काजू कारखान्यात काढली. मग मला कशाला विचारताय? तिला विचारा. समोर कोण बसायची, दुपारी डब्यात काय असायचं, पहिल्या मजुरीचं काय घेतलं, कुणाच्या लग्नात कारखान्यातल्या सगळ्यांनी मिळून काय दिलं. मात्र वही-पेन घेऊन बसू नका, त्याने माणसं सावध होतात. बाजारातून पापुद्र्यासकट काजू आणा आणि तिच्याबरोबर सोलायला बसा. हात चालायला लागले की ती आपोआप बोलेल.